मदत हवी आहे: दोष ए१ दुधाचा की माझ्या पोटाचा?

मंडळी, वर्षभरापासून पेलाभर दूध प्यायलो की तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, कधी कधी पळापळ होते. दही मात्र पचतं. घरच्यांनी निदान करून टाकलंय: "तू ए१ दूध पितोस, ए२ पी." वाद घालायचा तर पुरावा हवा, म्हणून वाचायला बसलो आणि जास्तच गुंतलो.

मला कळलं ते असं. दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनात २०९ अमिनो आम्लं असतात. साखळीत ६७व्या जागी ए२ मध्ये प्रोलीन असतं, ए१ मध्ये हिस्टिडीन. हिस्टिडीन असेल तर पचताना साखळी तिथे सहज तुटते आणि बीसीएम-७ हा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. ए१ वरचा आरोप याच तुकड्यामुळे. कोणता प्रकार, हे गाईच्या जनुकांवर ठरतं. इथवर ठीक.

पुढे गोंधळ. २००३ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी देशोदेशीचा ए१ चा खप आणि हृदयविकार, टाइप १ मधुमेह यांचा संबंध दाखवला. २००९ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने सगळं तपासून सांगितलं की कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मग २०१६ ची ४५ जणांवरची चाचणी: ए२ ने पोटाचा त्रास कमी. पण पैसा ए२ दूध विकणाऱ्या कंपनीचा! म्हणून ती बाद धरायची का? आणि माझ्या पोटाशी यातल्या कशाचा संबंध आहे?

प्रतिसाद १
पैसा कंपनीचा म्हणून चाचणी खोटी ठरत नाही, पण ४५ जणांवर किती भार टाकायचा? देशांच्या तुलनेचं तर विचारूच नका. ज्या देशात दूध जास्त खपतं तिथे इतर शंभर गोष्टीही वेगळ्या असतात.

तुमची लक्षणं मला लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर न पचण्याची वाटतात, आणि लॅक्टोज दोन्ही दुधांत सारखंच. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम. दह्यातले जिवाणू त्यातलं काही आधीच खातात, म्हणून ते सोसतं. आठवडाभर लॅक्टोजमुक्त दूध पिऊन पाहा. (ते गोड लागतं, कारण लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं. त्यामुळे कोणतं दूध पितोय हे जिभेला कळतंच, मनाचा खेळ वगळता येत नाही.) अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल तर ती ॲलर्जी, तिथे ए२ चा उपयोग नाही.

एक विचारतो: त्रास सुरू होण्याआधी पोटाचा मोठा आजार झाला होता का?

धागाकर्ता
झाला होता! आठवडाभर जुलाबांनी आडवा होतो. कधी जोडून पाहिलंच नाही.

प्रतिसाद १
मग आतड्याच्या अस्तराला इजा होऊन लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज विकर कमी पडलं असेल. पण ते बहुधा काही आठवड्या-महिन्यांत सुधारतं. वर्ष म्हणजे फार झालं. डॉक्टरांना दाखवाच, सिलिॲकसारखं (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) काही नाही ना हे ते बघतील. वजन घटत असेल किंवा शौचात रक्त असेल तर लगेच.

धागाकर्ता
वजन तसंच आहे, रक्त नाही. परवाची वेळ घेतली. लॅक्टोज पचतं का हे श्वासातून तपासणारी हायड्रोजन श्वासचाचणी कोणी केलीय का? नुकतंच प्रतिजैविक घेतलं असेल तर थांबावं लागतं, असं वाचलं. माझा कोर्स दहा दिवसांपूर्वी संपलाय. तुम्हाला किती थांबवलं होतं?