एपीआयच्या वर्णनात पाठवायची आणि परत येणारी माहिती वेगळी कशी दाखवावी?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. येथील हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारी वेब एपीआय (इतर सॉफ्टवेअरना माहिती पाठवण्या-मागवण्याची सोय) मी लिहिली आहे. तिच्या माहितीपत्रकात ‘पॅरामीटर’ या एकाच तक्त्यात लॉट क्रमांक, पोती, वजन, दर, नोंद क्रमांक आणि नोंदीची वेळ असे सगळे रकाने मी दिले होते. एका अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी तो तक्ता प्रमाण मानून नवी नोंद करताना वेळही स्वतःच भरून पाठवली आणि माझ्या सर्व्हरने ती तशीच साठवली. परिणामी दुपारचे सौदे सकाळी आठचे दिसू लागले. चूक माझ्या तक्त्याचीच आहे. परंतु वजन आणि दर पाठवावेही लागतात आणि उत्तरातही येतात, मग विभागणी कोणत्या निकषावर करावी?

उत्तर १ (सातारा)
ते मूल्य कोण ठरवतो, हे आधी पाहावे. वजन काट्यावर होते आणि दर बोलीत ठरतो. या गोष्टी दुकानाला ठाऊक असतात, सर्व्हरला नसतात, म्हणून त्या पाठवाव्या लागतात. नोंद क्रमांक आणि वेळ मात्र सर्व्हरनेच द्यायची असते. दोन्हीकडे असणाऱ्या रकान्यांचे वर्णन दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत लिहावे : विनंतीत ‘पाठवायचे वजन, किलोत’, उत्तरात ‘साठवलेले वजन, क्विंटलमध्ये’. पुनरुक्ती वाटली तरी लिहाच, कारण एककाचा फरक नेमका तेथेच निसटतो.

उत्तर २ (सांगली)
वरील उत्तराला जोड देतो. ओपनएपीआय या एपीआयचे वर्णन लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीत ‘पॅरामीटर’ हा शब्द फक्त आत जाणाऱ्या माहितीसाठीच आहे : पाथ (पत्ता), क्वेरी (पत्त्याला जोडलेल्या अटी), हेडर किंवा कुकी (विनंतीसोबत जाणारी जोडमाहिती). २.० आवृत्तीत बॉडी, म्हणजे विनंतीचा मुख्य मजकूर, हीही पॅरामीटरच गणली जाई; २०१७ च्या ३.० पासून ती ‘रिक्वेस्ट बॉडी’ म्हणून वेगळी झाली. परत येणारे रकाने ‘रिस्पॉन्सेस’खाली स्थिती क्रमांकानुसार लिहावेत, म्हणजे २०१ ला तयार झालेली नोंद आणि ४०० ला नाकारण्याचे कारण. दोन्हीकडे एकच स्कीमा (रकान्यांचा आराखडा) वापरायचा असेल, तर नोंद क्रमांक व वेळ ‘रीडओन्ली’ (फक्त वाचण्यासाठी) करा. मग ३.० मध्ये ते रकाने आवश्यक म्हणून नोंदवले, तरी ती सक्ती उत्तरापुरतीच राहते. मात्र ‘रीडओन्ली’ ही केवळ वर्णनातील खूण आहे. बाहेरून आलेली वेळ नाकारण्याची तपासणी सर्व्हरमध्ये तुम्हालाच लिहावी लागेल, आणि माझ्या मते तुमच्याकडे खरी उणीव तीच होती.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तपासणी आजच लिहितो. एक शंका उरते : सौद्यांची यादी मागवताना क्वेरीतही ‘दर’ आहे, पण तेथे त्याचा अर्थ ‘या दरापासून वरचे सौदे’ असा होतो.

उत्तर १ (सातारा)
तो सौद्याचा दर नव्हे, शोधाची अट आहे. त्याला ‘किमान दर’ असे नाव द्या. जुने नाव वापरणारी दुकाने असतील, तर काही काळ दोन्ही नावे स्वीकारा आणि जुन्यावर ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नये) अशी खूण करा.