घरी काडतुसे भरण्यासाठी पहिला प्रेस कोणता घ्यावा?

केटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटी येथे राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर क्लबात नेमबाजीला जाऊ लागलो आणि आता माझ्याकडे ९ मिलिमीटरचे एक पिस्तूल व ६.५ क्रीडमूर या प्रकारच्या काडतुसाची एक रायफल आहे. महिन्याला पिस्तुलाची साधारण दोनशे आणि रायफलीची चाळीस काडतुसे लागतात. रायफलीची चांगल्या प्रतीची तयार काडतुसे फार महाग पडत असल्याने रिकाम्या पितळी केस (बार उडाल्यावर उरणारी काडतुसाची नळकांडी) जमवून त्या घरीच पुन्हा भराव्यात, असा विचार पक्का होत आला आहे.

अडचण प्रेस, म्हणजे काडतुसे भरण्याचे दांड्याचे यंत्र, निवडण्याची आहे. सिंगल स्टेज, टरेट आणि प्रोग्रेसिव्ह हे तीन प्रकार असतात, एवढे समजले. दुकानातील गृहस्थांनी प्रोग्रेसिव्हचाच आग्रह धरला, तर क्लबातील ज्येष्ठ मंडळी सिंगल स्टेजशिवाय दुसरे नाव काढू देत नाहीत. सर्व साहित्य धरून पाचशे डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. जागा म्हणजे गॅरेजमधील एक टेबल. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते, त्यांना फोनवर हा बेत सांगितला तेव्हा त्यांनी "बंदुकीची दारू ठेवणार कुठे?" एवढेच विचारले, आणि माझ्याकडे त्याचेही उत्तर नव्हते.

रॉकीवासी

केटीकर साहेब, आपल्या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्या एकाच यंत्रावर बसवण्याच्या प्रयत्नात हा गोंधळ झाला आहे, असे मला वाटते. कारखान्यात बनलेली ९ मिलिमीटरची काडतुसे मुळात स्वस्त असतात. घरी भरून त्यात जी बचत होते ती वेळ जमेस धरल्यास फारशी उरत नाही. रायफलीचे गणित उलटे आहे. तेथे पैसे वाचतातच, शिवाय आपल्या बंदुकीला दारू आणि गोळीचा कोणता मेळ मानवतो हे शोधता येते, आणि या छंदाची खरी गोडी त्यातच आहे. म्हणून पहिला प्रेस रायफलीसाठी घ्यावा, तो सिंगल स्टेजच असावा आणि पिस्तुलाची काडतुसे वर्षभर विकतच आणावीत.

सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय (केसला आकार देणारा किंवा गोळी बसवणारा साचा) बसते आणि दांडा एकदा ओढला की एका केसवर एकच क्रिया होते. सगळ्या केसचे मापन-आकारण आधी, मग प्रायमर (केसच्या बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टोपी), मग दारू, मग गोळी बसवणे, असा घाणा एकेका पायरीने काढावा लागतो. हे काम संथ आहे हे कबूल. परंतु दारू भरलेल्या पन्नास केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून विजेरीच्या प्रकाशात एका नजरेने पाहता येतात, आणि कोणत्या केसमध्ये दारू कमी, जास्त किंवा मुळीच नाही हे तेथेच कळते. नवशिक्याला हा थांबा फार उपयोगी पडतो.

आरसीबीएसचा रॉक चकर, हॉर्नडीचा लॉक-एन-लोड क्लासिक किंवा लीचा क्लासिक कास्ट यांपैकी कोणताही घेतला तरी पश्चात्ताप होणार नाही. बहुतेक डायचे आटे एकाच मापाचे असतात (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे), त्यामुळे पुढे प्रेस बदलला तरी डाय वाया जात नाहीत. माझा रॉक चकर मी जुन्या बाजारातून घेतला. मूळ मालकाने तो किती वर्षे वापरला होता हे त्यालाही आठवत नव्हते.

प्रेसवर वाचलेले पैसे तराजूवर घाला. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. यावरून ग्रेनचा दहावा भाग म्हणजे किती सूक्ष्म वजन याचा अंदाज यावा. दांडीचा साधा तराजू आणि तो पडताळण्यासाठी प्रमाणित वजने, एवढे असलेच पाहिजे.

ओहायोकर

रॉकीवासींच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. पण पिस्तूल वर्षभर बाजूला ठेवण्याचा सल्ला पटत नाही, कारण महिन्याला दोनशे काडतुसे उडवणारा माणूस आज ना उद्या ती भरणारच.

थोडा हिशेब करू. ९ मिलिमीटरसाठी साधारणतः चार क्रिया धरल्या तर दोनशे काडतुसांना सिंगल स्टेजवर आठशे वेळा दांडा ओढावा लागतो आणि आठशे वेळा केस लावून काढावी लागते. टरेटवरही दांडा आठशे वेळाच ओढावा लागतो, कारण चार डाय एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या असल्या तरी काम एकाच केसवर चालू असते. मात्र केस लावणे आणि काढणे दोनशे वेळाच होते. प्रोग्रेसिव्हवर चारही जागी एकाच वेळी केस असल्याने दोनशे ओढींतच काम आटोपते. टरेटमध्ये श्रम वाचतात ते हाताळणीचे, आणि तरीही आपले लक्ष एका वेळी एकाच केसवर राहते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मी लीचा क्लासिक टरेट वापरतो. चकती आपोआप फिरवणारी दांडी काढून ठेवली की तोच प्रेस सिंगल स्टेजसारखा चालतो. पहिले तीन महिने मी तसाच चालवला. रायफलीची चकती वेगळी ठेवली की डाय पुन्हा जुळवत बसावे लागत नाही.

लक्षाविषयी एक कबुलीही देतो. एकदा भरता भरता फोन आला, बोलून परत बसलो आणि एका केसमध्ये दारू न घालताच गोळी बसवली. मैदानावर त्या बाराचा आवाज दबका आला आणि पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) हलली नाही. केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. त्याच क्षणी पुढचा बार काढला असता तर नळी फुटू शकली असती. उलट चूकही तितकीच वाईट असते: ९ मिलिमीटरमध्ये अनेक दारूंचे योग्य प्रमाण केसचा अर्धा भागही भरत नाही, त्यामुळे दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. तेव्हापासून काम मध्येच थांबले तर हातातील केस रिकामी करून मी पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.

मोजपट्टी

मी यांत्रिक अभियंता आहे, तेव्हा केवळ यंत्रापुरते बोलते.

प्रेसची चौकट बंद आहे की एका बाजूने उघडी, हे आधी पाहावे. रायफलीची लांब केस डायमध्ये दाबताना जोर बराच लागतो. उघडी चौकट त्या जोराने किंचित फाकू शकते, बंद चौकटीत ते कमी होते. पण त्याहून अधिक फरक टेबलाने पडतो. डुगडुगत्या टेबलावर ओतीव लोखंडाचा प्रेस बसवला तर आपण टेबलच वाकवत बसतो. आधी टेबल भिंतीला पक्के करा आणि प्रेस आरपार बोल्टने आवळा. लाकडाचे स्क्रू काही दिवसांत ढिले होतात.

जळालेले प्रायमर कुठे पडतात हेही विचारा. काही प्रेसमध्ये ते पोकळ दट्ट्यातून (केसला वर डायमध्ये ढकलणाऱ्या दांड्यातून) खाली नळीत जातात, काहींमध्ये उघड्या ताटलीत पडतात आणि त्यांतील काही जमिनीवर उडतात. त्या काजळीत शिसे असते. घरात रांगते मूल असेल तर मी पहिलाच प्रकार घेईन. काम झाल्यावर हात धुणे आणि त्या टेबलावर चहाचा कप न ठेवणे हे ओघाने आलेच.

रायफलीच्या केसला डायमध्ये घालण्यापूर्वी वंगण लावायला विसरू नये. मी विसरले होते. केस डायमध्ये अशी रुतली की तिच्या बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्टने ओढून काढावी लागली. ९ मिलिमीटरला कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची डाय घेतली तर ही कटकट राहत नाही.

एडिसनचा वाचक

विषय प्रेसचा आहे, पण आपल्या मंडळींसाठी कायद्याचा एक मुद्दा येथे नोंदवतो. केटीकरांकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून त्यांना हा प्रश्न नाही. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असणाऱ्यांना मात्र अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातील प्रमुख अपवाद. दारूगोळ्याच्या व्याख्येत केस, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे भागही येतात, त्यामुळे "माझ्याकडे बंदूक नाही, फक्त प्रेस आणि साहित्य आहे" हा बचाव चालत नाही. आधी वकिलाला विचारावे. स्वतःच्या वापरासाठी भरण्यास संघीय परवाना लागत नाही, पण विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.

रॉकीवासी

केटीकरांच्या वडिलांचा प्रश्न तसाच राहिला. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टीसारखे तापते, तेव्हा प्रेस तेथे असू द्या, पण दारू घरात थंड आणि कोरड्या जागी, मूळ डब्यातच आणि प्रायमरपासून वेगळी ठेवा. हवाबंद लोखंडी पेटीत ती कोंडू नये. आग लागल्यास दाब साठून धोका वाढतो. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा. दारूचे प्रमाण काडतुसे भरण्याच्या छापील पुस्तकातूनच घ्यावे आणि सुरुवात त्यातील सर्वांत कमी आकड्यापासून करावी.

केटीकर

सर्वांचे आभार. ओहायोकरांचा हिशेब पटला, तरी फोनचा प्रसंग वाचल्यावर मी सिंगल स्टेजकडेच वळलो आहे. पोकळ दट्ट्याचा, बंद चौकटीचा प्रेस, दांडीचा तराजू, रायफलीच्या डाय आणि एक पुस्तक, एवढेच आता घेईन. शनिवारी टेबल भिंतीला ठोकतो. दारूसाठी आतल्या खोलीतील कपाटाचा वरचा, कुलपाचा कप्पा सौ.ने दिला आहे; तेथल्या पैठण्या कुठे हलवायच्या, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.