जानेवारीत जोधपूर-जैसलमेर-बिकानेर: किल्ले आणि महाल नीट बघायचे आहेत, सल्ला हवा

कोरांटी:
नमस्कार मंडळी. जानेवारीत सात रात्री हाताशी आहेत. आई-बाबा (बाबा 72 वर्षांचे, गुडघे दुखतात), नवरा, आठवीतली लेक आणि मी असे पाचजण नाशिकहून निघू. ट्रॅव्हल एजंटने जयपूर, पुष्कर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असा कार्यक्रम पाठवलाय. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज संध्याकाळी नवं हॉटेल. लेकीला इतिहासाची खरोखर आवड आहे आणि बाबांनी आयुष्यभर सह्याद्रीतले किल्ले केलेत, त्यामुळे किल्ले धावतपळत उरकायचे नाहीत. वाळवंटाकडचे किल्लेच धरावेत का? कुठे किती दिवस ठेवू? बाबांना कुठे जमेल, कुठे नाही?

गडवेडा:
ताई, एजंटच्या यादीतून जयपूर आणि उदयपूर दोन्ही काढा. ती वेगळ्या सहलीची ठिकाणं आहेत. सात रात्रींत मारवाड आणि थर वाळवंटाचा एक गोल छान बसतो: जोधपूरला उतरायचं, तिथून जैसलमेर (अंदाजे 280 किमी), मग बिकानेर (330 किमी), तिथून नागौर (115 किमी), आणि नागौरहून परत जोधपूर (135 किमी). जोधपूर दोन रात्री, जैसलमेर दोन, बिकानेर दोन, शेवटची पुन्हा जोधपूरला. गेलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही आणि रस्तेही उत्तम आहेत. मुंबई-पुण्याहून जोधपूरला थेट गाड्या आहेत.

बहुतेक लोक बिकानेर आणि नागौर गाळतात आणि वाळूतल्या तंबूंना एक रात्र जास्त देतात. तुमचा उद्देश किल्ले हा असेल तर नेमकं उलट करा, ही माझी कळकळीची विनंती.

मरुधरवासी:
नोकरीनिमित्त बरीच वर्षं जोधपुरात आहे, म्हणून इथल्या मेहरानगड किल्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

आधी बाबांचा प्रश्न. गडात लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. लिफ्टने थेट वरच्या भागात जायचं आणि महाल बघत उतरायचं. उतरताना दगडी चढ-उतार लागतातच, पण घाई नसेल तर जमतं. सकाळी नऊला दार उघडतं तेव्हाच पोहोचा. अकरानंतर बसेस येतात आणि फूलमहालाच्या दारात रांग लागते. ऑडिओ गाईड घ्याच, लेकीला आवडेल.

गड राव जोधाने 1459 मध्ये बांधायला घेतला. जयपोळ (पोळ म्हणजे दरवाजा) मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, महाराजा मानसिंहांनी जयपूर-बिकानेरच्या फौजांवरच्या विजयानंतर बांधलेली. डेढ कांगरा पोळीजवळ भिंतीत तोफगोळ्यांच्या खुणा दिसतात, तिथे थांबा. लोहापोळीच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर आणि वर्ख लावलेले. ते इतके लहान आहेत की बघताना पोटात कालवतं. लेकीला आधी कल्पना देऊन ठेवा.

आता खास आपल्या लोकांसाठी. हत्तीवरच्या हौद्यांच्या दालनात एक चांदीचा हौदा आहे, शाहजहानने महाराजा जसवंतसिंहांना दिलेला. हे जसवंतसिंह म्हणजे शायिस्ताखानाच्या वेळी पुण्यात असलेले, ज्यांनी नंतर कोंढाण्याला वेढा घातला आणि 1664 मध्ये हात हलवत परतले, तेच. बाबांनी सिंहगड कितीदा केला असेल, त्यांना या हौद्यापुढे उभं करा. फक्त जवळचा जसवंत थडा या जसवंतसिंहांचा समजू नका. तो दुसऱ्या जसवंतसिंहांचा, 1899 चा. मकराण्याचा संगमरवर आहे, उन्हं कलताना बघा.

सह्यकडा:
वर पोटतिडकीने लिहिलंय, त्यात एकच भर. मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, तिथे दोन तास ठेवा. साधारण 70 हेक्टरवर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. ते मुळासकट काढून तिथे वाळवंटातली मूळची झाडं परत लावली. गड ज्या खडकावर उभा आहे तो रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच, सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला त्या कातळाला हात लावताना काय वाटेल ते मी सांगायला नको. बाबांनी सगळी पायवाट करायची गरज नाही, वरच्या भागातूनही गडाचा कडा मस्त दिसतो.

उम्मेद भवन हा राजवाडा बाहेरून आणि म्युझियमपुरता बघणं एका तासात होतं. 1929 ते 1943 चं बांधकाम, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून काढलेलं. ते ऐकून आत गेलात तर त्याकडे वेगळ्या नजरेने बघाल.

कोरांटी:
किती छान माहिती! कोंढाण्याचं वाचून बाबांनी आत्ताच पुस्तकं काढलीत. जैसलमेरबद्दल विचारते. किल्ल्याच्या आतच हॉटेलं आहेत, झरोक्यातून शहर दिसतं असे फोटो बघितले. आत राहावं का?

प्रवासिनी:
आम्ही आत राहिलो होतो. पहाटे चौकात कोणी नसतं, देवळातली घंटा ऐकू येते, दगड हळूहळू पिवळा होत जातो. हा अनुभव बाहेरून मिळत नाही, म्हणून मी तरी आत राहा म्हणेन.

भूजलवाला:
प्रवासिनी, तुमचा अनुभव सुंदर असणारच, पण मी कळकळीने नको म्हणेन. कारण सांगतो, माझ्या कामाचा विषय आहे.

जैसलमेर 1156 चं, रावळ जैसलचं. 99 बुरूज, खाली त्रिकूट टेकडी, आणि ती टेकडी ठिसूळ आहे: वालुकाश्म आणि त्याच्या पोटात मातकट थर. इथे वर्षाला 200 मिमीसुद्धा पाऊस पडत नाही. शेकडो वर्षं किल्ल्यातल्या बायका गडीसर तलावातून घागरींनी पाणी वर आणत, त्यामुळे ते जपून वापरलं जाई आणि जमिनीत फार कमी मुरे. नळ आले, मग हॉटेलं, मग प्रत्येक खोलीला न्हाणीघर. जुन्या उघड्या गटारांना तेवढं पाणी झेपत नाही. ते खाली मुरतं, मातकट थर फुगतो, वरची भिंत सुटते. 1990 च्या दशकात बुरूज कोसळले ते याच कारणाने. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही या किल्ल्याचं नाव आलं होतं. 2013 मध्ये राजस्थानातले सहा डोंगरी किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात हा आहे. इथे आजही गावातल्यासारखी दाट वस्ती नांदते. त्या कुटुंबांना पाणी लागणारच. आपलं पाणी आपण बाहेरच्या हॉटेलात वापरावं.

आणि पहाट बाहेर राहूनही मिळते. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, फक्त राजवाड्याच्या म्युझियमला आहे. सकाळी सातला, सूर्य उगवायच्या आधी, अखै पोळीतून आत जा. तटावर ओळीने ठेवलेले दगडी गोळे लेकीला दाखवा, वेढा पडला की हे खाली लोटायचे. भिंतीचे दगड जवळून बघा, बऱ्याच ठिकाणी चुना नाही, खोबणीत खोबण बसवलेली आहे.

प्रवासिनी:
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पटलं. कोरांटी, किल्ल्यासमोरच्या गच्चीवरून पूर्ण तट दिसेल असं हॉटेल बघा. बाबांना चढही कमी पडेल.

जैन मंदिरं सकाळीच करा, दुपारनंतर बाहेरच्या लोकांना बघता येत नाहीत. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही. पटवांची हवेली गर्दीची आहे पण चुकवू नका, 1805 पासून पुढे बांधलेल्या पाच हवेल्या आहेत. नथमल हवेली छोटी आहे, तिथे लेकीला एक काम द्या: दर्शनी भागाच्या डाव्या-उजव्या बाजू दोन भावांनी वेगवेगळ्या कोरल्यात, त्यातले फरक शोधायचे. आमच्या मुलांनी अर्धा तास त्यात घालवला.

पैठणकर:
छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. बिकानेर धरा असं वर म्हटलंय, त्याला माझं दणकून अनुमोदन, आणि त्यामागे आमच्या गावचं कारण आहे.

आमच्याकडे नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते, ती सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. कर्णपुरा हे नाव बिकानेरच्या राजा करणसिंहांवरून आलं. पदमपुरा त्यांच्या मुलाच्या, पदमसिंहांच्या नावाचा. मोगली फौजेबरोबर ही मंडळी दख्खनेत आली, इथे त्यांच्या छावण्या पडल्या. करणसिंह 1669 मध्ये इथेच वारले. त्यांचे पुत्र अनूपसिंह यांचं अख्खं आयुष्य दख्खनच्या मोहिमांत गेलं आणि शेवट अदोनीला झाला. दक्षिणेतून त्यांनी संस्कृत पोथ्या आणि मूर्ती बिकानेरला पाठवल्या. पोथ्यांचा तो संग्रह अनूप संस्कृत लायब्ररी म्हणून तिथल्या लालगढ महालात आहे.

त्यांचाच अनूपमहाल बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात बघाल. लाल-सोनेरी भिंती, उस्ता कारागिरांचं सोन्याचं काम. किल्ला सपाटीवर आहे, राजा रायसिंहांनी 1589 ते 1594 मध्ये बांधलेला, त्यामुळे गुडघ्यांना हा सगळ्यात सोपा. बादलमहालात पुरेसा वेळ बसा. भिंतभर निळे ढग, त्यांत सापासारख्या विजा आणि खाली पावसाच्या बारीक रेघा. जिथे पावसाची वर्षानुवर्षं वाट बघतात तिथल्या राजाने स्वतःच्या खोलीत पाऊस रंगवून घेतला. मी सगळ्या राजस्थानात दुसरीकडे कुठे इतका वेळ रेंगाळलो नाही. शेवटच्या दरबार हॉलमध्ये पहिल्या महायुद्धातलं विमानही आहे, महाराजा गंगासिंहांच्या काळातलं.

गडवेडा:
आता नागौर, ज्याच्यासाठी मी हा गोल सुचवला. अहिछत्रगड म्हणतात. भुईकोट आहे, बाबांना चालणं सोपं. मेहरानगड म्युझियम ट्रस्टने त्याचा जीर्णोद्धार असा केला की 2002 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकसाठीचा वारसा पुरस्कार मिळाला. नवं चकचकीत काही केलं नाही. गाळाने बुजलेले हौद, पाट, कारंजी मोकळी केली. महालात फिरताना पाणी कुठून कुठे जात होतं ते पायाखाली दिसतं. हाडी राणी महालातली भित्तिचित्रं गर्दीशिवाय बघायला मिळतात.

आणि आपल्यासाठी नागौर म्हणजे मराठा सरदार जयाप्पा शिंदे. 1754-55 मध्ये मारवाडच्या विजयसिंहांना त्यांनी याच किल्ल्यात कोंडलं होतं. वेढा चालू असताना बोलणी करायला म्हणून आलेल्यांनी छावणीत त्यांचा घात केला. त्यांचे धाकटे भाऊ दत्ताजी यांनी वेढा उठवला नाही, आणि पुढच्या तहात अजमेर मराठ्यांकडे आलं. बुराडी घाटावरचे दत्ताजी सगळ्यांना पाठ असतात, पण जयाप्पा कुठे पडले हे फारसं कुणी सांगत नाही. तटावर चढून बाहेरच्या सपाट माळाकडे बघा. छावण्या अशाच उघड्यावर पडलेल्या असणार, आडोसा नाही, पाण्याची मारामार.

सह्यकडा:
जाता जाता जोधपुरात मसुरिया टेकडीवर दुर्गादास राठोडांचं स्मारक आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला 1681 मध्ये संभाजी महाराजांकडे आणणारे तेच. महाराजांची आणि अकबराची भेट सुधागडाखाली, पालीजवळ झाली. तुमच्या बाबांनी सुधागड केलाच असेल.

कोरांटी:
बाबा म्हणतात, दोनदा! मंडळी, मनापासून आभार. एजंटला नकार कळवला. जोधपूर दोन, जैसलमेर दोन, बिकानेर दोन, वाटेत नागौर, शेवटची रात्र जोधपूर. लेकीला एक संध्याकाळ तरी वाळूत जायचंय, आणि जैसलमेर ते बिकानेर हा पल्ला मोठा वाटतोय. मध्ये काय करता येईल?

मरुधरवासी:
वाळूसाठी सम गावाकडे नको, खुरी गावाला जा. तिथे गोंगाट कमी असतो. सूर्य मावळला की तासाभरात परत निघा, जानेवारीत रात्री तापमान पाच-सात अंशांवर येतं. बाबांना कानटोपी आणि जाड मोजे हवेतच.

बिकानेरच्या वाटेवर फलोदी लागतं, तिथून खीचन अगदी जवळ आहे. हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात, इथे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यानपिढ्या त्यांना दाणे घालत आलेत. जैसलमेरहून सकाळी सातला निघालात तर ते तलावावर पाणी प्यायला येतात त्या वेळेला पोहोचाल. दुर्बीण असेल तर घ्या. जेवण फलोदीतच उरका, पुढे बराच वेळ धड काही मिळत नाही. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी मागा, आईंना आवडेल.

कोरांटी:
घेतली दुर्बीण. गाडीवाला जोधपूरचाच, सहाही दिवसांसाठी एकच ठरवावा ना?

मरुधरवासी:
हो, एकच. आधीच सांगून ठेवा की नागौरला तीन तास थांबायचंय. नाहीतर ते सरळ पुढे काढतात, कारण तिथे थांबा म्हणणारे प्रवासी त्यांना फारसे भेटत नाहीत.