व्हिडिओ कॉलवर बाळाचं खाणं तपासून घ्यावं का?

वाघोलीची_आई
मुलगा वीस महिन्यांचा. खिमट, पेज, कुस्करलेलं केळं मजेत खातो. पोळीचा तुकडा दिला की गालात धरून बसतो, मग थुंकतो. पाणी पिताना ठसका लागतो. डॉक्टरांनी फीडिंग थेरपिस्टला दाखवा म्हटलंय, पण त्या कोथरूडला. वाघोलीहून तिथपर्यंत गाडीत हा ओकतोच, पोचल्यावर काय खाणार? त्या म्हणाल्या, आधी व्हिडिओ कॉल करू. नवरा म्हणतो, फोनवरून घसा कसा दिसणार? कोणाला अनुभव?

साडेतीन_वर्षांचं_वादळ
ताई, घ्याच कॉल. आमच्या कार्टीने क्लिनिकमध्ये ओठ घट्ट मिटले ते उघडलेच नाहीत. घरच्या कॉलवर मात्र सगळे रंग दाखवले. खुर्चीत तिचे पाय लोंबकळतात हे मॅडमना तिथंच दिसलं. पायाखाली स्टूल दिल्यावर बसणं तरी स्थिर झालं. पोळीशी वैर अजून आहे.

गिळणं_बघणारी
मी याच कामातली. तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. मूल घास कसा घेतं, जीभ कुठं वळते, चावतं की नुसतं चोखतं, भरवणारा किती घाई करतो, हे कॉलवर छान कळतं. घास घशाखाली उतरताना श्वासनलिकेत जातोय का, ते नाही कळत. काही मुलांचं पाणी ठसका न लागताही तिकडे जातं. तशी शंका आली तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेलं खाणं गिळतानाचा चालता एक्स-रे, लागतो. तो हॉस्पिटलमध्येच.

म्हणून आधी सांगा: पाणी प्यायल्यावर आवाज घरघरतो का? सारखा कफ, न्यूमोनिया? ओठ निळे पडतात? वजन अडलंय? यातलं काही असेल तर कॉलची वाट न बघता डॉक्टर गाठा.

कॉलला फोन बाजूला, बाळाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा. ओठांपासून गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. समोरून नुसता घास आत जाताना दिसतो. खिडकी पाठीशी नको, चेहरा काळा पडतो. फोन धरायला दुसरं माणूस हवंच, तुमचे हात बाळापाशी मोकळे राहू देत. चुकून घास अडकलाच तर मी स्क्रीनमधून हात घालू शकत नाही, म्हणून सुरुवातीलाच पत्ता आणि जवळचं हॉस्पिटल विचारते. आणि आजी भरवत असतील तर त्यांनाच भरवू द्या. आमच्याकडे आया स्वतः पुढे बसतात, मग रोजचं चित्र दिसतच नाही.

एखाद्या जेवणाचा व्हिडिओ आधीच पाठवून ठेवा, आणि अंगणवाडीच्या कार्डावरच्या वजनाचा फोटो.

वाघोलीची_आई
न्यूमोनिया, घरघर काही नाही, वजनही वाढतंय. ठसका सिपरनेच लागतो, वाटीने पाजलं तर क्वचित. सिपर बंद करू का? आणि आजी गोष्ट सांगत भरवतात, कार्टून नाही.

गिळणं_बघणारी
सिपरने मान मागे जाते आणि पाणी वेगाने येतं, ते कारण असू शकतं. तोवर पाणी वाटीनेच, बसवून, घोटघोट. सिपर फेकू नका, कॉलला जवळ ठेवा, थेरपिस्टना तो बघायचा असेल. ठसक्याची गोष्ट त्यांना आजच फोन करून सांगा, म्हणजे पाणी पाजून बघायचं की नाही ते त्या ठरवतील. वाटीनेही ठसके वाढले तर थेट डॉक्टरकडे. पोळीचं नंतर, त्याला तेवढी घाई नाही. आजींची गोष्ट चालू दे.