घरच्या घरी प्लास्टिक वितळवून फळी करायची आहे. पहिला प्रयत्न फसला, चूक कुठे झाली?

प्रश्न

गेले वर्षभर मी शाम्पू आणि कपडे धुण्याच्या द्रवाच्या बाटल्या, पाण्याच्या बाटल्या, झाकणे व मोडके डबे धुऊन साठवत आलो आहे. त्यापासून भिंतीवर लावता येईल अशी एक लहान फळी आणि छिन्नीसाठी एक मूठ करावी, अशी मनापासून इच्छा आहे. गेल्या आठवड्यात सर्व प्रकारचे तुकडे एकत्र करून जुन्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसला तापवले. काही भाग तपकिरी झाला, पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे वितळलेच नाहीत, घरभर डोळे चुरचुरणारा वास सुटला आणि बाहेर काढून ठेवलेली फळी थंड होताना होडीसारखी वाकली. हाताने जोर देताच तिचे थर सुटे झाले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपली मुख्य अडचण तापमानाची नसून मिश्रणाची आहे. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो आणि तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पाण्याची बाटली म्हणजे १ क्रमांकाचे पीईटी. ते साधारण २५० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आपल्या ओव्हनमध्ये त्याला काहीच झाले नाही. शाम्पूची बाटली बहुधा २ क्रमांकाची, म्हणजे एचडीपीई असते, ती सुमारे १३० अंशांना वितळते. तर ५ क्रमांकाच्या पॉलिप्रोपिलीनला सुमारे १६० अंश लागतात. ही प्लास्टिके वितळली तरी एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यामुळेच आपल्या फळीचे थर सुटले.

वासाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. ३ क्रमांकाचे पीव्हीसी कधीही तापवू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. आपले डोळे चुरचुरले त्यामागे एखादा असा तुकडा असू शकतो. ६ क्रमांकाचे पॉलिस्टायरिन आणि ७ क्रमांकाचे मिश्र प्रकारही वगळावेत. आकडा पुसट झाला असेल तर तुकडा पाण्यात बुडवून पाहावा: एचडीपीई व पॉलिप्रोपिलीन तरंगतात, पीईटी व पीव्हीसी तळाशी जातात. मात्र तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नसावा, नाहीतर बुडणारा तुकडाही तरंगतो. प्लास्टिकसाठी वापरलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकासाठी घेऊ नये, आणि हे काम उघड्या हवेतच करावे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. फळी का वाकली, तेवढे सांगतो. एचडीपीई थंड होताना बरेच आक्रसते आणि जी बाजू उशिरा थंड होते ती फळीला आपल्याकडे ओढते. त्यामुळे फळी दाबाखालीच थंड होऊ द्यावी लागते. मी फक्त २ क्रमांकाचे, नखाएवढे तुकडे घेतो आणि १७० अंशांच्या आसपास ठेवतो. अर्ध्या तासाने ते मऊ मेणासारखे होतात. मग जाड चामड्याचे हातमोजे घालून तो गोळा पिळतो, घडी घालतो, पुन्हा ओव्हनमध्ये ठेवतो. असे तीन-चार वेळा केल्याशिवाय आतली हवा निघत नाही, आणि मूठ कापताना नेमकी मधोमध पोकळी सापडते. रंगीत झाकणे घातली असतील तर या पिळण्यामुळेच संगमरवरासारख्या रेघा उमटतात, आणि त्या दिसल्या की सगळ्या कष्टांचे चीज होते. शेवटी दोन सपाट लाकडी फळ्यांच्या मध्ये बेकिंग पेपर घालून तो गोळा शिकंज्यांनी आवळावा, आक्रसेल तसतसे शिकंजे पुन्हा कसावेत आणि रात्रभर हात लावू नये. करवतीने कापताना पडणारा भुसा मी एका कापडावर गोळा करून पुढच्या फळीत वापरतो. तो मोरीत वाहून जाऊ देऊ नये.

उत्तर ३

पाण्याच्या बाटल्या टाकून देऊ नका, त्या न वितळवताच फार उपयोगी पडतात. बाटलीचा तळ कापून, पाते बसवलेल्या खाचेतून ती गोल फिरवत नेली की एकसलग लांब पट्टी निघते. ही पट्टी अवजाराच्या सैल झालेल्या सांध्यावर घट्ट गुंडाळून टोक अडकवावे आणि तिला हॉट एअर गनची गरम हवा द्यावी. ती आक्रसून सांधा घट्ट आवळते. याला वितळण्याइतकी उष्णता लागत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज साठा वेगळा करायला बसलो आहे. एकट्या २ क्रमांकाचेच एक पोते भरेल असे दिसते. एक शंका उरते: फळीला मागून लाकडी पट्टी लावायची असल्यास कोणता गोंद वापरावा?

उत्तर २ देणाऱ्याकडून

एचडीपीईला साधा गोंद धरत नाही, काही दिवसांत पापुद्र्यासारखा निघून येतो. स्क्रूच वापरा, आणि ऊन-थंडीत फळी कमी-जास्त होते म्हणून लाकडी पट्टीतील भोके किंचित लांबट ठेवा.