बीएलडीसी पंखा आणि दुरुस्ती

पर्यावरणपूरक वस्तू कोणती, या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की पर्यावरणपूरक म्हणजे कमी वीज खाणारं, विषय संपला. विजेचा हिशोब खरा आहे. 75 वॉटच्या साध्या पंख्याजागी 30 वॉटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा लावला आणि तो दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण आमच्याकडचा बीएलडीसी पंखा तिसऱ्या वर्षी बंद पडला. वायरमनने उघडून पाहिलं तर सर्किट अख्खं रेझिनमध्ये, म्हणजे सुकून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, बुडवलेलं. दमटपणापासून बचाव होतो म्हणे, पण एखादा सुटा भाग बदलायची सोयच राहत नाही. गॅरंटी संपलेली, नवीन सर्किट बोर्डाची किंमत ऐकून तो विचारच सोडला. बाबांच्या खोलीतला जुना पंखा मात्र दर चारपाच वर्षांनी स्वस्तातला कपॅसिटर बदलला की पुन्हा गरगर.

म्हणून डिझाइनच्या वेळीच दुरुस्तीचा विचार हवा. फ्रान्समध्ये 2021 मध्ये मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन वगैरे विकताना दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं झालं. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यावरून. आपल्याकडे पंख्यावर वीजबचतीचे स्टार असतातच, त्यांच्या शेजारी हा आकडा मावेल की!