सोसायटी ग्रुप, जळगाव : मनपाच्या खिडक्या आणि ८ जून

सचिव : सोमवारी, ८ जून २०२०ला कोरोनाचा लॉकडाऊन सैल करण्याचा तिसरा टप्पा. मनपात कोणती कामं होतील हे सारखं विचारलं जातंय. ए-१०४चे आप्पा आस्थापना विभाग कोळून प्यायलेत, त्यांनाच विचारा. फॉरवर्ड नकोत.

सी-३०२ : राज्य सरकारच्या आदेशात १५ टक्केच कर्मचारी आहेत ना? मग काय कामं होणार!

आप्पा : भाऊ, ३१ मेचा आदेश पूर्ण वाचा. १५ टक्के किंवा किमान १५ जण, जे जास्त ते, ही अट इतर सरकारी कार्यालयांना. आरोग्य, पोलीस, कोषागार आणि पालिकेच्या सेवा त्यातून वगळल्यात, तिथे गरजेइतकी माणसं बोलावता येतात. खरी अडचण वेगळी. वसुलीचा कारकून घरोघरच्या सर्वेक्षणावर, नाहीतर विलगीकरण केंद्राच्या वहीवर. तिकडून जेवढी माणसं सुटतील तेवढ्याच खिडक्या उघडतील.

बी-२०१ : मग पहिली कोणती उघडायला हवी?

आप्पा : पाणी, कचरा, दवाखाने बंदच नव्हते. खिडक्यांत पहिला मान जन्म-मृत्यू नोंदणीचा, कारण कायद्याची मुदत कुणासाठी थांबत नाही. २१ दिवसांत साधी नोंद. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे वर्षभरापर्यंत लेखी परवानगी. दाखल्याशिवाय विमा, पेन्शन, वारस नोंद सगळं अडतं.
आणि नोंद असते जिथे मृत्यू झाला तिथली. माणूस भुसावळच्या दवाखान्यात गेला असेल तर जळगावला मारलेली फेरी फुकट. दवाखान्यातला मृत्यू दवाखानाच कळवतो. घरच्यांनी फॉर्मवरचं नाव आधारशी जुळतंय का तेवढं तिथेच बघावं. नंतर दुरुस्तीला दाखल्यापेक्षा जास्त चपला झिजतात.

डी-४०३ : घरपट्टीची शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, किती?

आप्पा : थकबाकीवर दरमहा २ टक्के. सूट जाहीर होईल म्हणून वाट बघत बसू नका. ऑनलाइन भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, बँकेचा ताळमेळ लागू द्या.

सी-३०२ : खिडकीवर टोकन देण्याचं खूळ कशाला मग? पूर्वीसारखं उभं राहू.

बी-२०५ ताई : दादा, हिशेब करा. १० ते १, माणशी ८ मिनिटं, म्हणजे एका खिडकीवर २२ जण. दोन खिडक्यांचे ४४. सहा-सहा फुटांवर उभे केले की सुमारे २६० फूट रांग, तीही जळगावच्या उन्हात. अर्ध्या तासाला सातच टोकन दिले तर रांग ४० फुटांत मावते. फक्त कागद अपुरे निघाले की ८ मिनिटांची २० होतात आणि मागचं सगळं घसरतं. म्हणून कागद तपासणारा माणूस दारात हवा, टोकनच्या आधी.
शिवाय मनपाची इमारत सतरा मजली. लिफ्टमध्ये चौघंच सोडायचे ठरले तर खिडकीपेक्षा लिफ्टचीच रांग मोठी. गर्दीची कामं तळमजल्यावर आणल्याशिवाय गत्यंतर नाही.

नाना (ए-३०१) : बठ्ठं एकदम सुरू करून टाका ना भो!

आप्पा : नाना, अडीच महिन्यांची साचलेली कामं त्याच सोमवारी दारात येतील. एक कारकून पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या शेजारची टेबलं १४ दिवस घरी. म्हणून कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या, आलटून पालटून. पण दोन्ही तुकड्यांची हजेरीवही एकच आणि डबा एकाच टेबलावर, तर तुकड्या कागदावरच. आणि तुम्ही ६५च्या पुढचे, तुम्ही जाऊच नका. मुलाला पाठवा.

बी-२०१ : बांधकाम परवानगी, सुनावण्या?

आप्पा : सगळ्यात शेवटी. अर्ज आवक-जावकमध्ये टाका, पण तारखेची पोच घेतल्याशिवाय परतू नका. मुदतीचा वाद झाला तर तोच शिक्का कामी येतो.

बी-२०५ ताई : आणि पेन स्वतःचा न्या. खिडकीला दोरीने बांधलेल्या पेनाला दिवसभरात किती हात लागतात ते मोजू नका.

सचिव : 👍 पिन करतोय.